मानाचं मशीन

जिल्हा कारागृह
१८ सप्टेंबर २०२४

अक्का,

पाया पडतो, पण रागात पडतो. पोळा होऊन पंधरवडा उलटला आणि तू एकदाही भेटीला आली नाहीस. आईचे गुडघे मला माहीत आहेत. तुझ्या गुडघ्यांना काय झालं? फोन करीन म्हटलं तर फोनच्या रांगेत एक जण मधे घुसला, मी त्याचं नाक फोडलं, आणि आता माझा फोन बंद. म्हणून हा कागद. इथले साहेब पत्र वाचून मग शिक्का मारतात. मी जपून लिहितो, तूही जपून लिही.

नाक फोडलं ते बरंच झालं. पहिल्या दिवशी बराकीत विचारलं, काय करून आलास. मी म्हटलं, गेमवरून मारामारी झाली. सगळे हसले. एक जण तर पोट धरून हसला. मग मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. वारंगा फाट्यावर माझं आणि संतरामचं एकच गेमचं दुकान होतं, टीव्हीला मशीन जोडायचं आणि पोरांना तासावर पैसे घेऊन खेळू द्यायचं. तो माझा सख्खा मावसभाऊ. जुनं मशीन होतं तोवर एका ताटात जेवत होतो. मग नव्या पिढीची मशीनं आली. दोन कंपन्या, एकीचं पांढरं, एकीचं काळं. हिचे गेम तिच्यावर चालत नाहीत, तिचे हिच्यावर चालत नाहीत. मी म्हटलं पांढरं घेऊ, तो तलवारीचा गेम फक्त पांढऱ्यावर आहे. संत्या म्हणे काळं, त्यात ताकद जास्त. दुकान फुटलं. रस्त्याच्या अलीकडे माझं, पलीकडे त्याचं. पोरंही वाटली गेली. इंटरनेटवर परदेशातली पोरं आपापल्या कंपनीसाठी एकमेकांना शिव्या देतात, तशाच आमची मराठीत द्यायला लागली. माझ्याकडचं पोरगं त्याच्या दुकानात दिसलं की दुसऱ्या दिवशी मी त्याला कानशिलात देऊन बाहेर काढायचो. संत्या काही साधुसंत नव्हता, तोही तेच करायचा.

पोळ्याचं ऐकून मात्र बराकीत कुणी हसलं नाही. मान काय असतो हे इथं सगळ्यांना कळतं. गावात बैलजोड्या उरल्या नाहीत, लोक ट्रॅक्टर धुऊन त्यालाच झूल घालतात. यंदा मानकऱ्यांनी जोडी विकली आणि तोरणाखालून पहिलं जायचा मान मोकळा पडला. पोरांनी ठरवलं, ज्याचं मशीन पहिलं तोरणाखालून जाईल त्याचा फाटा. मी पांढऱ्याला बाशिंग बांधलं, ट्रॅक्टरच्या बोनेटवर बसवलं. त्यानंही काळ्याला घुंगरमाळा घातल्या होत्या.

पुढचं तू पाहिलंस. दोघं एकदम तोरणापाशी आलो, चाकाला चाक लागलं. त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला, धाव घेऊन माझ्यावर घालायला. मी उतरून टायर उघडायची लोखंडी टॉमी उचलली नसती तर एव्हाना तू माझ्या तेराव्याचं जेवण वाढून मोकळी झाली असतीस. जीव वाचवणं हा गुन्हा नाही, वकीलही हेच म्हणतात.

तू मारुतीच्या ओट्यावर ओवाळायचं ताट घेऊन उभी होतीस. पोलिसांनी जबाब घेतला का? धुरळा किती होता ते तुला आठवत असेलच. दुकान बंद ठेवू नकोस, माझ्या पोरांतल्या सोनाजीला बसव.

तुझा विशू


वारंगा फाटा
२९ सप्टेंबर २०२४

विश्वंभर,

तुझं शिक्क्याचं पत्र पोस्टमननं चहाच्या टपरीवर, चार लोकांत माझ्या हाती दिलं. त्यानं काही वाईट हेतूनं नाही दिलं, पण लोकांनी कप खाली ठेवले.

आईला वाचून दाखवताना मी नाकाची गोष्ट गाळली. त्याऐवजी 'जेवण बरं आहे, झोप लागते' असं घातलं. तिनं विचारलं, 'संतरामचं काय लिवलं त्यानं?' मी म्हटलं, बरा होऊ दे म्हणतोय. तेव्हा पुढच्या पत्रात एखादी ओळ तशी लिही, म्हणजे मला एवढं खोटं बोलावं लागणार नाही.

मी भेटीला आले नाही कारण मी नांदेडला होते, संतरामच्या उशाशी. मावशी एकटी कुठं कुठं पुरणार? तुला कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. त्याची कवटी डाव्या अंगाला आत गेली आहे. डॉक्टरांनी हाडाचा तुकडा काढून ठेवला, त्या जागी नुसती कातडी आहे आणि ती श्वासाबरोबर वर खाली होते. डावा कान राहिला नाही. डोळे उघडतात पण बघत नाहीत. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलतो, खेळताना बटणांवर हलायचा तसाच. मावशी तो अंगठा बघत बसते आणि येईल त्याला सांगते, 'पोरगं खेळून राहिलंय, आता उठंल.' तू विचारलंस म्हणून सांगितलं, माझ्या गुडघ्यांना काय झालं ते.

आता दुकानाचं. सोनाजीला बसवलं होतं. परवा भरदुपारी संतरामकडची पोरं शटर उचकटून आत शिरली. सोनाजीला खुर्चीवरून ओढलं आणि टीव्ही त्याच्या डोक्यावर फोडला. भुवईपासून टाळूपर्यंत टाके पडले आहेत. पांढरं मशीन बाहेर आणलं आणि नांदेडहून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखाली टाकलं. ड्रायव्हर बिचारा घाबरून उतरला, त्याला वाटलं लेकरू आलं की काय खाली. बघतो तर पत्रा आणि तारा. त्यानं विचारलं, 'काय हाय हे?' टपरीवाला किसनसिंग म्हणाला, 'मशीन हाय. याच्यापायी दोन घरं बसली.' ड्रायव्हरनं आणखी एकदा वाकून पाहिलं आणि गाडी घेऊन गेला.

जबाब अजून झाला नाही. हवालदार येऊन गेला तेव्हा मी दवाखान्यात होते. तो पुन्हा येईल.

नाकं फोडायची असतील तर फोड, पण मला कळवत जाऊ नकोस.

शिवकन्या


जिल्हा कारागृह
१६ ऑक्टोबर २०२४

अक्का,

नुसतं 'शिवकन्या' अशी सही केलीस. ठीक आहे.

मशीन ट्रकखाली घातलं हे वाचून मी जेवलो नाही. कागद हातात घेऊन बसलो तर शेजारच्याला वाटलं घरात कुणी गेलं. गेलंच म्हण. ते मशीन मी हैदराबादहून मांडीवर घेऊन आलो होतो, बसच्या टपावरही टाकू दिलं नव्हतं. आणि तू दोन ओळींत उरकलंस. सोनाजीचे टाके सुकतील, मशीन सुकतं का? त्यांचं काळं अजून शाबूत आहे का, ते लिही. आणि सोनाजीला सांग, विश्वंभर विचारत होता. एवढंच सांग, तो समजेल.

संत्याचा अंगठा हलतो म्हणजे तो बरा होऊन राहिला आहे. नाटकी आहे तो पहिल्यापासून. लहानपणी विहिरीत उडी मारून तळाशी बसून राहायचा, आपण रडायला लागलो की हसत वर यायचा. तू त्याच्या उशाशी बसू नकोस. वकील म्हणतात, आपल्या बाजूच्या साक्षीदारानं तिकडं जाणं बरं दिसत नाही. हवालदार आला की त्याला एकच सांग, ट्रॅक्टर मागं आला. दुसरं काही बोलायची गरज नाही. तुला तर काही दिसलंही नसेल.

इथं एक गंमत झाली आहे. मी रोज फाट्याच्या गोष्टी सांगायचो, तर बराकीतही पांढरे आणि काळे झाले. निम्मे माझे, निम्मे त्या नाक फुटलेल्याचे. यातल्या एकानंही आयुष्यात ते मशीन पाहिलेलं नाही. परवा पाण्याच्या टाकीपाशी काळ्यांपैकी एकानं आमच्यातल्या एकाच्या मांडीत चमचा खुपसला, फरशीवर घासून धार काढलेला. रक्त इतकं की मोरी लाल झाली. मी त्या चमचेवाल्याचा हात दारात घालून दार लोटलं. दोन बोटं गेली त्याची. साहेब आता न वाचताच शिक्का मारतात, म्हणून मोकळं लिहितो. तू कळवू नकोस म्हणालीस, पण मग मी लिहू काय? इथं दुसरं काही घडत नाही.

आईला सांग, जेवण बरं आहे.

विशू


वारंगा फाटा
१२ नोव्हेंबर २०२४

विश्वंभर,

संतराम गेला. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी. अंगठा आदल्या दिवशीच थांबला होता. मावशीनं तो हातात धरून हलवून पाहिला.

दरवर्षी भाऊबीजेला ओवाळायला त्याला पाटावर बसवायचे, तुझ्या शेजारी. यंदा त्याला आंघोळ घालताना मी हंडा भरून देत होते. आई रिक्षा करून मावशीच्या दारी गेली. मावशीनं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. शिवी दिली नाही की हात उचलला नाही, नुसती दारात आडवी उभी राहिली. सख्ख्या बहिणी, दोघींच्या लग्नाच्या अक्षता एकाच मांडवात पडल्या होत्या. आई परत आली ती चपला तिथंच विसरून. अजून कुणी त्या आणून दिल्या नाहीत.

तुझा निरोप मी सोनाजीला दिला नव्हता. तो तुझ्या निरोपावाचूनच समजला. संतरामचं तिसऱ्याचं झालं त्याच दिवशी त्यानं चौघांना घेऊन काळं दुकान पेटवलं. बाहेरून शटर ओढून पेटवलं. आत प्रज्ञेश होता, कंट्रोलर दुरुस्त करणारा. त्यानं तापलेलं शटर हातांनी उचललं. मी ते हात पाहिले आहेत. तळव्याची कातडी शटरला चिकटून राहिली होती, दुसऱ्या दिवशी पोलिसांनी तिचेही फोटो काढले. त्या पोरानं तुझ्याशी कधी वर मान करून भांडण केलं होतं का? मला तरी आठवत नाही.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर, काळं मशीनही शाबूत नाही. आता फाट्यावर अलीकडे उचकटलेलं शटर आहे, पलीकडे काजळी आहे, आणि तू जिंकलास की हरलास ते तूच ठरव.

तुझं कलम बदललं. वकील सांगतीलच. आता ते खुनाचं आहे.

माझा जबाब झाला. संतरामनं ट्रॅक्टर मागं घेतला हे मी सांगितलं. मग तू टॉमी घेऊन उतरलास, तो सीटवर असतानाच पहिला घाव घातलास, आणि तो खाली पडल्यावरही थांबला नाहीस, हेही सांगितलं. तू म्हणशील हे कशाला सांगितलं. सगळ्या गावानं पाहिलं आहे, मी एकटीनं झाकून ते झाकणार नव्हतं. ट्रॅक्टर मागं का घेतला, असं हवालदारानं विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही.

शिवकन्या


जिल्हा कारागृह
६ डिसेंबर २०२४

अक्का,

मी रडलो नाही असं समजू नकोस. बराकीत रडता येत नाही, संडासात जावं लागतं. तिथंही बाहेरून दार वाजवतात.

विहिरीच्या तळाशी बसणारा तो, मला वाटत होतं वर येईल. खरंच वाटत होतं.

पण आता गेलेल्याचं किती करायचं? मी अजून जिवंत आहे, अक्का, आणि आता सगळं तुझ्यावर आहे. वकील म्हणाले, गाव काहीही सांगेल, पण सख्खी बहीण, जी दोघांनाही राखी बांधायची, ती जे सांगेल ते कोर्ट मनावर घेईल. तू 'माहीत नाही' म्हणालीस ते बराबर केलंस. त्याच्यात आता जागा आहे. कोर्टात तुला पुन्हा विचारतील, ट्रॅक्टर मागं का घेतला. तेव्हा तू म्हणायचं, मागं घेताना तो ओरडला, 'तुडवून टाकतो.' एवढे दोनच शब्द. ते दोन शब्द असले तर मी जीव वाचवायला मारलं असं होतं. नसले तर मी म्हातारा होऊन बाहेर येईन, आणि आई तोवर राहणार नाही.

दोन शब्दांनी संत्याचं काही बिघडत नाही. तो गेला. त्याला आता कशानं लागणार आहे?

सोनाजी जामिनावर सुटला की तुझ्याकडं बघेल. कोर्टाच्या दिवसापर्यंत तुला काही होऊ देणार नाही. मी त्याला सांगून ठेवलं आहे. तूही त्याला दुखवू नकोस, त्याचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलेलं नाही म्हणतात.

विशू


वारंगा फाटा
२१ नोव्हेंबर २०२५

विश्वंभर,

जवळपास वर्ष झालं, मी उत्तर दिलं नाही. तुझी मधली पत्रं मिळाली. प्रत्येकात तेच दोन शब्द होते. आईला मी प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी वाचून दाखवलं. तुझ्या नावावर मी इतकी चांगली पत्रं रचली आहेत की तिला वाटतं, तू तुरुंगात जाऊन सुधारलास.

कोर्टाचा कागद आला आहे. नऊ जानेवारीला माझी साक्ष आहे, हिंगोलीला.

सोनाजी तुझ्या सांगण्याप्रमाणं माझ्याकडं बघतो आहे. मी ब्लाउज शिवायला बसले की समोरच्या कट्ट्यावर येऊन बसतो. गिऱ्हाईक बायका आत यायला भितात. मागच्या बाजारी मी म्हटलं, 'सोनाजी, तुला काम न्हाई का दुसरं?' तर म्हणाला, 'अक्का, तुमचं कोर्ट झालं की माझं काम संपलं. तुमी बराबर बोला म्हंजे झालं.' आणि माझी कात्री उचलून बोटावर फिरवत राहिला.

आता तुला एक सांगते, जे सांगू की नको असं माझं बरेच दिवस चाललं होतं. दवाखान्यात हातांच्या तपासणीला प्रज्ञेश येतो, तिथं मी आईला घेऊन गेले होते. त्याची बोटं आता मुडपत नाहीत. त्यानं तळव्यांत मोबाइल धरून मला दाखवलं. तुमचा तो तलवारीचा गेम, ज्याच्यासाठी दुकान फुटलं, तो काळ्या मशीनवर आला. काळ्याचेही दोन-तीन गेम पांढऱ्यावर आले. मी विचारलं, असं कसं? तो म्हणाला, 'ताई, कंपन्यांनी आपसात ठरवलं. दोघींचा बी माल जास्त खपते. आता कुठंबी खेळा, त्यांना काहीच फरक न्हाई.' मग तो म्हणाला, 'विशूभाऊला सांगू नका, त्यांना तकलीफ व्हईल.' ज्याचे हात तुझ्या माणसांनी भाजले तो हे म्हणाला.

मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच कळलं की ज्यांचं भांडण होतं त्यांनी ते मिटवलं, आणि आपल्याला कुणी कळवलं नाही.

म्हणून आता मी तुला विचारते, आणि एकदाच विचारते. संतरामनं ट्रॅक्टर मागं घेतला तेव्हा त्यानं हात वर केला होता. हे मी जबाबात सांगितलं नव्हतं. ओट्यावरून मला त्याची पाठ दिसत होती. तो हात मारायला उचलला होता की कशाला, ते मला दिसलं नाही. तू समोर होतास, तुला त्याचं तोंड दिसत होतं. तो मागं का गेला? खरं लिही. साक्षीत काय बोलायचं ते मी त्यावरून ठरवीन.

अक्का


जिल्हा कारागृह
१४ डिसेंबर २०२५

अक्का,

हे पत्र साहेबांच्या हातून येणार नाही. माझ्या बराकीतला एक जण सुटतो आहे, तो तुझ्या हाती देईल. वाचून जाळ.

गेमचं खोटं आहे. प्रज्ञेशला जळल्याचा राग आहे म्हणून तो तुला काहीही दाखवतो. आणि खरं असेल तर कंपनीच नासली. मी नासलो नाही. काल ही बातमी बराकीत सांगितली तर आमच्यातलाच एक हसला. त्याला मी न्हाणीत इतका आपटला की त्याचे पुढचे दात नळाला लागून पडले. आता मी एकट्याच्या कोठडीत आहे, तिथूनच लिहितो.

तू विचारतेस तो मागं का गेला. तुला ऐकायचंच आहे ना? तो हसून मागं गेला. सगळं गाव बघत असताना ट्रॅक्टर मागं घेतला, हात वर केला आणि म्हणाला, 'जा विशू, जा पुढं. मान तुझा.' रडणाऱ्या लेकराच्या हातात शेंगदाणे द्यावेत तसं म्हणाला. त्याची पोरं हसली. माझी पोरंही हसली, अक्का, सोनाजीसुद्धा हसला. तीन वर्षं मी त्या रस्त्याच्या पलीकडं थुंकत आलो, कशासाठी? त्यानं टाकून दिलेला मान उचलायला? मला जिंकायचं होतं. त्यानं मला जिंकू दिलं नाही. तो जर अडून राहिला असता, धडकला असता, माझा पाय मोडला असता, तर मी त्याला हातही लावला नसता. आईशपथ लावला नसता.

तो मला मान देणारा कोण? मी काय भिकारी होतो?

आता तुला कळलं. कळलं की मन मोकळं झालं असेल. कोर्टात तू 'तुडवून टाकतो' म्हणायचं. तू माझी सख्खी बहीण आहेस, तो मावसभाऊ. हे रक्तातलं अंतर देवानंच ठेवलं आहे, मी नाही. आणि सोनाजीला मी आता आवरू शकत नाही, हेही लक्षात ठेव. मी आत आहे, तो बाहेर आहे.

विशू


वारंगा फाटा
१३ जानेवारी २०२६

विशू,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हातानं लिहिते आहे.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. ते मी कुणाला दाखवलं नाही, कोर्टालाही नाही. मला जे सांगायचं होतं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं पुरत होतं. तो हात खांद्याच्या वर गेला होता आणि तळवा उघडा होता, बोटं तोरणाकडं होती. त्या पोळ्यापासून तो हात मी रोज बघत होते आणि रोज स्वतःला सांगत होते की नीट दिसला नाही. तुझं पत्र आल्यावर ते सांगणं थांबलं.

नऊ तारखेला सकाळी मी हिंगोलीच्या बससाठी फाट्यावर उभी होते, आई बरोबर होती. सोनाजी आला. म्हणाला, 'अक्का, काय बोलणार हाव ते एकदा म्हणून दाखवा.' मी म्हटलं, कोर्टात म्हणीन. तो म्हणाला, 'न्हाई, हितं म्हणा.' मी बस येते का ते बघत राहिले. त्यानं माझा उजवा हात धरला आणि टपरीच्या लोखंडी खांबावर घातला, मग पुन्हा घातला. हाड तुटल्याचा आवाज मला दुखण्याआधी ऐकू आला. आईनं त्याच्या पायाला मिठी मारली तर त्यानं तिला लाथेनं बाजूला केलं. एवढा मोठा फाटा, एवढी माणसं, कुणी कप खाली ठेवला नाही. शेवटी किसनसिंग उकळत्या चहाचं पातेलं घेऊन आला आणि सोनाजीच्या पाठीवर ओतलं. सोनाजी ओरडत रस्त्यावर पळाला. आता तो पोलिसांकडं आहे, पाठ सोलली आहे म्हणतात. मला वाईट वाटलं नाही.

आई म्हणाली, 'शिवे, दवाखान्यात चल.' मी म्हटलं, बस लागली आहे. तिनं माझा हात माझ्याच पदरात बांधला आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसली. हिंगोलीपर्यंत तो हात स्वतःच्या मांडीवर धरून होती. कोर्टाच्या दारात म्हणाली, 'म्या आत येत न्हाई. पण तू खोटं बोलू नको. मला रोज खोटी पत्रं वाचून दाखवतीस तेवढं पुरं झालं.' तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी कोणती ओळ कुठं घातली तेही तिला ठाऊक होतं.

तुला कोर्टात आणलं नव्हतं, टीव्हीवर दाखवत होते. मी पिंजऱ्यापाशी उभी राहिले तेव्हा तू समोर पडद्यावर होतास. दाढी पांढरी होऊ लागली आहे तुझी. सरकारी वकिलांनी विचारलं, संतरामनं ट्रॅक्टर मागं का घेतला. मी सांगितलं, वाट द्यायला. हात सांगितला, उघडा तळवा सांगितला. तू ओरडायला लागलास. तुझं तोंड उघडत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण जज्जसाहेबांनी तिकडचा आवाज बंद करायला लावला होता. तू काय म्हणत होतास ते मला कळलं. पण ऐकू आलं नाही.

मग तुझे वकील उठले. चांगले आहेत, माझ्या हाताकडं बघून त्यांनी मला खुर्ची मागवली. म्हणाले, 'संतरामनं वाट दिली असं तुम्ही म्हणता. म्हणजे पहिला मान विश्वंभरला मिळालाच होता. ज्याला हवं ते मिळालं, तो मारेल कशाला?' मी म्हटलं, 'साहेब, त्याला मिळाला न्हाई. विशूचा ट्रॅक्टर तोरणाखालून गेलाच न्हाई. तो आधीच खाली उतरला.' त्यांनी विचारलं, 'मग पहिलं कोण गेलं?'

हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुला तोवर लोकांनी खांबाला बांधून मारलं होतं आणि पोलिसांनी जीपमध्ये घातलं होतं. गावातून मोठ्या रस्त्याला लागायला ती एकच वाट आहे. दोन्ही ट्रॅक्टर लोकांनी ढकलून बाजूला केले. तोरण काढायचं कुणाला सुचलं नाही.

मी सांगितलं, 'पहिली ॲम्ब्युलन्स गेली, साहेब. त्यात संतराम होता. त्या पोळ्याला पहिला तोच गेला.'

टायपिंग करणारी बाई थांबली आणि मग तिनं ते टाइप केलं. तुझं तोंड पडद्यावर उघडंच राहिलं होतं. तुझ्याकडं आवाज येत होता, तू ऐकलंस, मला दिसलं. मग तू खाली बसलास, आणि आम्हाला पडद्यावर तुझ्यामागची भिंत दिसत राहिली.

अक्का